आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलाय. एम्बोलायझेशन आणि अ‍ॅब्लेशन दोन्ही एकत्र करतात का?

करतात, पण सरसकट नाही. गाठ 3 सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुतेकदा नुसतं अ‍ॅब्लेशन पुरतं: सीटीवर बघत सुई गाठीत घालून ती जाळतात. गाठ मोठी असली की कडेच्या पेशी वाचण्याची भीती, कारण वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं. तिथे जोडीचा विचार होतो. या गाठी मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसतात. निरोगी यकृताला मात्र बरंचसं रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं. म्हणून मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी नेऊन गाठीकडे जाणारी धमनीची फांदी औषध भरलेल्या बारीक मण्यांनी बंद करतात (हेच एम्बोलायझेशन), आणि मग गाठ जाळतात. केमोला हा पर्याय नव्हे. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारा घटक) बरंच वाढलेलं असेल तर एम्बोलायझेशन सहसा टाळतात. आणि हो, यकृताच्या सर्जनला रिपोर्ट आधी दाखवाच.