पाऊस संपल्यावर पागोळीच्या पाण्याच्या पिंपाचं काय करावं? थंडीत रिकामं ठेवायचं की भरलेलं?

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये पिंप रिकामं करायला सांगतात, कारण तिथे पाणी गोठून फुगतं आणि पिंप तडकतं. कोकणात ती भीती नाही. आपल्याकडे खरी काळजी डासांची.

ऑक्टोबरातल्या परतीच्या सरी थांबल्या की साठलेलं पाणी पोफळींना, भाजीच्या वाफ्यांना घालून संपवा. मग तळाचा गाळ काढा. कौलांवरची माती, शेवाळ, कुजलेला पालापाचोळा, बराच निघतो. आता महत्त्वाचं: आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासा, विशेषतः पाण्याची रेघ उमटलेली असते तिथे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका त्या रेघेच्या आसपास अंडी चिकटवतो. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि जूनमध्ये पाणी चढलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून टाकल्याने ती जात नाहीत, म्हणून घासणं टाळू नका.

पन्हळीचा पाइप पिंपापासून सोडवून ठेवा, अवकाळी सर आली तर पाणी साचणार नाही. तोटी उघडी ठेवा. पिंप वाळवून पडवीत किंवा मांगरात पालथं घाला. उन्हात राहिलं तर प्लास्टिक ठिसूळ होतं.

विहीर उन्हाळ्यात आटत असेल तर पिंप धुऊन विहिरीच्या पाण्याने भरायला हरकत नाही. पण झाकण घट्ट हवं आणि फट दिसली तर वर सुती कापड बांधा. आठवड्यातून एकदा ते रिकामं करून घासायलाच हवं, कारण अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण 8 ते 10 दिवस पुरतात.