4 फुटी टँकमध्ये ऑस्कर, सिल्व्हर अरोवाना आणि रेडटेल कॅटफिश एकत्र राहतील का? रोज जिवंत गोल्डफिश द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार टँक 4 × 1.5 × 1.5 फूट आहे. त्यात 6 इंची दोन ऑस्कर, 10 इंची अरोवाना आणि 5 इंची रेडटेल असे शिकारी मासे आहेत. रोज दहा-बारा छोटे गोल्डफिश सोडता, तरी ऑस्कर अरोवानाच्या मिशा कुरतडतात आणि पाणी दोन दिवसांत गढूळ होतं.

सगळ्यात आधी रेडटेल बाहेर काढा. आज तो कोपऱ्यात गुपचूप बसलेला दिसतो, पण ॲमेझॉनचा हा मासा 3 फुटांच्या वर जातो आणि त्याचं तोंड डोक्याएवढं रुंद असतं. शिकारी माशांचा हिशोब सरळ आहे: तोंडात मावलं ते अन्न. वर्ष-दीड वर्षात तो ऑस्करवरच तोंड टाकेल. ऑस्कर पाठीचे काटे ताठ करतो, घशात अडकतो आणि दोघंही जातात. घरातला कुठलाच नेहमीचा टँक रेडटेलला जन्मभर पुरत नाही, त्यामुळे तो दुकानदाराला परत द्या. नदीत किंवा तलावात मात्र कृपा करून सोडू नका. टँकमधले सकर मासे आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, ते असंच कुणीतरी सोडल्यामुळे.

आता खाणं. गोल्डफिश आजपासून बंद करा. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते जीवनसत्त्व ब-1 नष्ट करतं. महिनोन्‌महिने तेच खाणारा मासा आधी खाणं टाकतो, मग तोल जाऊन तिरका पोहायला लागतो. शिवाय दुकानात फीडर मासे (दुसऱ्या माशांना खायला घालायचे स्वस्त मासे) टबमध्ये खच्चून भरलेले असतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि अँकर वर्म हा अंगाला चिकटणारा परजीवी तिथूनच तुमच्या टँकमध्ये येतात. जिवंत शिकार दिली की आपसातली मारामारी थांबते, हा समजही चुकीचा आहे. ऑस्कर भुकेपोटी भांडत नाही, जागेसाठी भांडतो.

गोल्डफिशऐवजी पेलेटची, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांची, सवय अशी लावा. धडधाकट मासा 4-5 दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही, म्हणून आधी तेवढे दिवस काहीच देऊ नका. मग सोललेल्या कोलंबीचा पेराएवढा तुकडा लांब चिमट्यात धरून पाण्यात हळूहळू हलवा. तुकडा हलतोय म्हटल्यावर ऑस्कर आधी एका डोळ्याने तो न्याहाळतो, मग झपकन ओढतो. दोन-तीन दिवस असं झालं की कोलंबीला उभी चीर देऊन आत एक पेलेट दाबा. पुढे कोलंबी कमी, पेलेट जास्त. दोन-तीन आठवड्यांत ऑस्कर नुसते पेलेट घ्यायला लागतात. अरोवाना हट्टी असते, तिला तरंगणाऱ्या स्टिक (कांडीसारखं तयार खाद्य) द्या. ती वरचंच खाते, बुडालेल्या तुकड्याकडे सहसा वळत नाही.

रोजच्या खाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेले पेलेट ठेवा. आठवड्यातून दोनदा कोलंबी किंवा चिलापीचे तुकडे द्या. कोलंबीचं डोकं आणि टोकदार काटा काढून टाका, तुकडे साध्या पाण्याने धुऊन घ्या, मीठ-हळद अजिबात नको. चिकन, मटण, काळीज देऊ नका. त्यातली चरबी माशाला पचत नाही आणि यकृतावर साठते. घरातली झुरळंही नकोत, त्यांच्यावर फवारा मारलेला असू शकतो. या आकाराच्या माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच द्या आणि आठवड्यातला एक दिवस उपास. आधी टँकच्या एका टोकाला ऑस्करना गुंतवा, लगेच दुसऱ्या टोकाला अरोवानाची स्टिक टाका. मिशा वाचवायचा तात्पुरता उपाय एवढाच आहे.

खरा उपाय म्हणजे जागा. तुमच्या टँकमध्ये जेमतेम 230-250 लिटर पाणी आहे, आणि ते दोन ऑस्करनाच कमी पडतं. अरोवाना अडीच-तीन फुटांची होते. तिला वळायला टँकची रुंदी हवी, निदान अडीच फूट, आणि लांबी 6 फूट ही फक्त सुरुवात समजा. तेवढी जागा होणार नसेल तर अरोवानाही देऊन टाका आणि ऑस्कर नीट सांभाळा, माझं मत तेच आहे. ठेवणार असाल तर झाकण जड हवं आणि त्याला फट नको. अरोवाना रात्री उडी मारते.

पाणी गढूळ होतं ते उरलेल्या तुकड्यांमुळे आणि फिल्टर अपुरा असल्यामुळे. पंप ताशी टँकच्या 6 ते 8 पट पाणी फिरवणारा घ्या. आठवड्याला 30-40 टक्के पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढून टाका. पाण्याच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारे विषारी घटक) शून्यच दिसलं पाहिजे, नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. आणि वीज तीन-चार तास गेली असेल तर बंद पडलेला कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) तसाच सुरू करू नका. आतलं कुजलेलं पाणी आधी बादलीत ओता, मगच पंप चालू करा.