गेट वाजायलंय, पण माल जायलाय कुठून?

प्रश्न : नमस्कार सर, उदगीरला माझं रेडिमेड कपड्याचं दुकान आहे, खाली जेन्ट्स, वर लेडीज आणि किड्स. यंदा लगीनसराई संपल्यावर स्टॉक मोजला तर 67 नग कमी निघाले. एक माणूस येऊन दारात लावायच्या चोरीच्या गेटचं सव्वा लाखाचं कोटेशन देऊन गेलाय, म्हणतो चोरी झिरो होणार. पोरगं म्हणतंय लावू, मी म्हणतो तेवढ्यात आणखी कॅमेरे येतील. काय करावं? आणि चोर सापडला तर चार लोकांत चोप द्यावा का?

उत्तर : भाऊ, जो झिरो म्हणतो ना त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. चोरी कमी होते, झिरो कुठंच होत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते बघा. कपड्याला लावतात त्या कडक टॅगात बॅटरी-बिटरी काही नसते, तारेचं एक वेटोळं आणि एक कपॅसिटर, बस्स. गेट 8.2 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडत राहतं, टॅग जवळ आला की तो त्याच सुरात घुमतो अन् गेट बोंबलतं. दुसरा प्रकार 58 किलोहर्ट्झचा, त्यात धातूच्या बारक्या पट्ट्या असतात, लहर थांबली तरी त्या क्षणभर थरथरत राहतात आणि गेट नेमकं तेवढंच ऐकतं. रुंद दाराला हा दुसरा बरा. तुमचं दार शटरचं असंल तर त्या माणसाला पहिला प्रश्न हाच करा की दोन खांबांत अंतर किती चालतं, आणि डेमो तुमच्याच दारात मागा, कारण पहिल्या प्रकाराला शेजारचा इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी, लोखंडी रॅक, गुंडाळलेलं शटर यातलं काहीही त्रास देतं, मग ते एकतर उगाच वाजतं नाहीतर वाजायला पाहिजे तेव्हा गप बसतं.

आता खरी गोष्ट. गेट चोर पकडत नाही, गेट फक्त वाजतं. पकडायचं तर माणूसच लागतो. लातूरला एका ओळखीच्या दुकानात मालकाच्याच सांगण्यावरून मी रविवारी संध्याकाळी टॅग लावलेला एक फ्रॉक पिशवीत घालून बाहेर निघालो. गेट ठणठण वाजलं. दारातल्या पोरानं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि म्हणला, "या काका, परत या." त्याची चूक नव्हती हो, त्या दिवशी गेट सकाळपासून कितीदा तरी वाजलेलं, काउंटरवरचा पोरगा गर्दीत टॅग काढायचाच विसरायला होता. दहादा खोटं वाजलं की अकराव्यांदा कोण उठतंय? त्याच दुकानात टॅग काढायचं लोहचुंबक काउंटरवर उघडं पडलेलं, गिऱ्हाइकाचं लेकरू त्याच्याशी खेळत बसलेलं. आणि ट्रायल रूममधल्या स्टुलाखाली हात फिरवला तर कडक टॅगाऐवजी लावतात ती गेट वाजवणारी चार चिकट लेबलं च्युइंगमसारखी चिकटवलेली निघाली. म्हणजे माल गेला, लेबल ठेवून गेला. ट्रायल रूममध्ये किती नग गेले आन् किती परत आले हे मोजणारी एक बाई किंवा पोरगा बसवला तर त्याचा उपयोग गेटपेक्षा जास्त, हे माझं मत.

पण त्याच्याही आधी ते 67 नग कुठले ते काढा. किड्सचे सुटे नग असतील, वेगवेगळ्या साइजचे, तर गिऱ्हाइकाकडं संशय घ्या, बस्त्याला एका घरची पंचवीस माणसं येतात, गादीवर ढीग पडतो, कोण काय बघायलंय ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. एकाच साइजचे, एकाच डिझाइनचे, न उघडलेल्या पुड्यातले असतील तर ते दारातून गेलेले नाहीत. उल्हासनगरहून जीन्सचं पार्सल आलं तेव्हा बिलावर 48 आणि पोत्यात 46 असंही होतं, आपण ट्रान्सपोर्टवाल्याच्या घाईत न मोजता सही करतो. नाहीतर काउंटरवर एक बिल आणि पिशवीत दोन नग, ओळखीपाळखीत. याला गेट काय करणार, टॅग तर काउंटरवरच निघाला!

कॅमेरा नंतर दाखवतो, गेट त्याच वेळी ओरडतं, एवढाच फरक. घ्यायचंच असंल तर टॅग ब्लेझर, जीन्स, जॅकेट अशा महागाच्या मालालाच लावा, रुमाल-सॉक्सला नको. सिल्कच्या साडीला पिन टोचू नका, भोक पडतं आणि गिऱ्हाईक तेच भोक दाखवून पैसे कमी करायला लावतं.

चोप तर अजिबात नको. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, कलम 303 मध्ये माल पाच हजारांच्या आतला, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची आहे. तुम्ही मारलं, गोदामात कोंडून ठेवलं तर उलटी तक्रार तुमच्यावर. पोलिसांना बोलवा नाहीतर माल घेऊन सोडून द्या.

प्रश्न : परभणीला एका मोठ्या दुकानातून बिल करून निघाले तरी गेट वाजलं, सगळे बघायले, गार्ड म्हणतो पर्स दाखवा. माझी काय चूक?

उत्तर : ताई, काहीच नाही. बिल दाखवा, पिशवी काउंटरवर ठेवून रिकाम्या हातानं गेटमधून जा. तरी वाजलं तर माल नाही, अंगावरचं काहीतरी वाजायलंय. पर्समध्ये त्यानं हात घालायचा नाही, मॅनेजरला बोलवा म्हणायचं. बहुतेक वेळा दुसरीकडून घेतलेल्या चपलेत किंवा पर्समध्ये लेबल जिवंत राहिलेलं असतं, तिथल्या काउंटरवर लेबल बंद पाडायचं पॅड असतं, त्यावर ते मारायचं राहून गेलेलं असतं. घरी सँडलच्या आतलं सोल जरा उचलून बघा, खाली पांढरा चौकोनी कागद सापडला की फाडून टाका.