एमजीबीत व्ही-८ टाकायचंय? आधी सिल बघा

प्रश्न: माझ्याकडे १९७७ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १८०० सीसीचं इंजिन दमलंय, मोटरवेवर मागे ट्रक लागला की घाम फुटतो. मित्र म्हणतो जनरल मोटर्सचं अमेरिकन ५.७ लिटरचं एलएस इंजिन टाक, गॅरेजवाला म्हणतो ब्रिटिश रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही-८. काय करू?
– एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर: रोव्हरच टाका. एमजीने स्वतःच १९७३ ते ७६ मध्ये एमजीबी जीटीत (छतवाल्या एमजीबीत) हेच ३५२८ सीसीचं इंजिन बसवलं होतं, आणि त्यांच्याही आधी केन कोस्टेलो यांनी अशा गाड्या बनवून विकल्या होत्या. ताकद ९५ वरून १३७ हॉर्सपॉवर, पण खरी गंमत वजनात आहे. हे इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं (मूळ अमेरिकन ब्युइक कंपनीचं डिझाइन), त्यामुळे सिलिंडर दुप्पट असूनही वजनात जुन्या लोखंडी इंजिनच्या जवळपासच भरतं, म्हणजे गाडीचं नाक जड होत नाही आणि वळणावर ती एमजीबीच राहते. एलएसची ताकद याच्या दुपटीहून जास्त, ती पेलायला मागचा अ‍ॅक्सल, सस्पेन्शन सगळंच बदलावं लागेल, मग जुनं उरलं काय?

आता एक गोष्ट नीट ऐका. कंपनीने २५९१ व्ही-८ काढल्या त्या सगळ्या छतवाल्या, उघडी एकही नाही. तुमच्या रोडस्टरला छताचा आधार नाही, सगळा भार सिलवर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्यांवर. म्हणून इंजिनावर एक पाउंड खर्च करायच्या आधी जॅक लावून गाडीची एक बाजू उचला आणि दाराच्या मागच्या फटीकडे बघत बसा. फट वरच्या बाजूला बारीक व्हायला लागली, दार अडकायला लागलं, तर सिल आतून कुजलेत. माझ्या ओळखीतल्या एका गाडीला वरून झकास रंग होता, जॅक लावल्यावर दार उघडेचना, आणि आत हात घातला तर गंजाचा भुगा निघाला. अशा बॉडीत व्ही-८ टाकू नका, प्लीज.

सिल ठणठणीत असतील तर पुढचा क्रम: ब्रेक, रेडिएटर, डिफ (मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल गिअर), आणि शेवटी इंजिन. ३.९ गुणोत्तराचा जुना डिफ तसाच ठेवलात तर पहिला गिअर पडतो न पडतो तोच दुसरा टाकावा लागेल, ३.०७ चा घ्या, कंपनीनेही तोच दिला होता. आणि उष्णता! एक्झॉस्टचे पाइप स्टीअरिंगच्या शाफ्टला खेटून जातात, नुसती दोन बोटं जागा, इंजिन पक्कं बसवायच्या आधी ते एकदा लावून बघाच, नाहीतर सगळं परत उतरवावं लागतं. इन्शुरन्सवाल्यांना आणि डीव्हीएलएला (ब्रिटनचं गाडी-नोंदणी खातं) आधी कळवा, ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सुरक्षा तपासणीची, सूट असते पण मोठे बदल केल्यावर ती जाऊ शकते, मी तर म्हणतो दरवर्षी एमओटी करूनच घ्या. जुनं इंजिन विकू नका, ग्रीस लावून, झाकून ठेवा.

प्रश्न: बाबांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. तिच्यात आजच्या हॅचबॅकचं इंजिन बसवता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आपल्याकडे नियम वेगळे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, २०१९ला सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. आरटीओत विचारल्याशिवाय जुन्या इंजिनचा एक बोल्टही सोडवू नका. त्यापेक्षा आहे तेच इंजिन रिबोअर करून (झिजलेले सिलिंडर आतून घासून) घ्या, कार्ब्युरेटर साफ करा, बाबांना शेजारी बसवा आणि पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन या.