आपल्याच शहरात, हॉटेलात दोन दिवस: रात्री कोणत्या घ्याव्यात, खोली कोणती मागावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांनाही नोकरी, लांब जायला रजा नाही, म्हणून आपल्याच शहरातल्या एखाद्या देखण्या हॉटेलात शनिवार-रविवार काढायचा बेत आहे. एक रात्र पुरेल की दोन हव्यात, खोली कोणती घ्यावी, आणि बायकोला न सांगता सरप्राइझ द्यावं का? मी बरीच वर्षं हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात काढली. काउंटरच्या पलीकडून अशी जोडपी भरपूर पाहिली आहेत, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

आधी रात्रींचं बघू. चेक-इन दुपारी 3 ला आणि चेक-आउट सकाळी 11 ला धरलं, तर एका रात्रीच्या भाड्यात तुम्हाला 20 तास मिळतात. त्यातले आठ झोपेत जाणार, सकाळ नाश्ता आणि आवराआवरीत. राहिली शनिवारची संध्याकाळ, बस. परगावी गेल्यावर हॉटेल पाठ टेकण्यापुरतं असतं, खरं काम बाहेर असतं. इथे बाहेरचं शहर रोजचंच आहे. तुमची सहल म्हणजे ते हॉटेलच, त्यामुळे तारे मोजण्याऐवजी तास मोजा. सगळ्यात भारी हॉटेलातली एक रात्र आणि त्याच्या खालच्या दर्जाच्या चांगल्या हॉटेलातल्या दोन, यात मी डोळे झाकून दोन घेईन.

पण कोणत्या दोन? बहुतेक लोक शुक्रवार-शनिवार घेतात. शुक्रवारी ऑफिस सुटणार, बॅगा भरणार, ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत आठ वाजणार. रविवारी अकराला बाहेर, म्हणजे हाती 39 तास आणि त्यातली पहिली रात्र दमलेली. त्याऐवजी सोमवारी अर्धा दिवस रजा टाकता आली तर शनिवार-रविवार घ्या: 44 तास. शिवाय शहरातल्या बऱ्याच हॉटेलांत आठवड्यातली सर्वांत रिकामी रात्र रविवारची असते. वीकएंडवाले निघून गेलेले, कामानिमित्त येणारे सोमवारी उगवणार. भाडंही बऱ्याचदा त्या रात्री उतरलेलं असतं.

रविवारची दुपार मुद्दाम अनुभवा. साडेदहापासून लॉबीत बॅगांची रांग लागते, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते, कॉरिडॉरमध्ये चादरींचे ढीग आणि हाउसकीपिंगच्या ट्रॉल्या. दोन वाजता सगळं ओसरतं. चारला स्विमिंग पूलवर जा, आदल्या दिवशी जिथे टॉवेल टाकायला खुर्ची नव्हती तिथे तुम्ही दोघं आणि कंटाळलेला लाइफगार्ड. याच शांततेचे पैसे लोक शनिवारी मोजतात आणि ती त्यांना मिळत नाही.

दोन रात्रींच्या बाजूने आणखी एक गोष्ट. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचं एक कारण दिसलं: अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही, आवाजाला चटकन जागा होतो. त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक दिसला नाही. म्हणजे एकच रात्र घेणारे नेमकी कच्च्या झोपेची रात्र विकत घेतात.

आता ‘देखणं’ हॉटेल. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी मॉर्गन्स हॉटेल काढलं. आजच्या बुटीक हॉटेलांची, म्हणजे लहान आणि सजावटीवर भर देणाऱ्या हॉटेलांची, वंशावळ बहुतेक जण तिथूनच सांगतात. दोघंही नाइटक्लबच्या धंद्यातून आलेले. 1988 मध्ये त्यांनी फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्ककडून आपल्या रॉयल्टन या हॉटेलची सजावट करून घेतली आणि लॉबी म्हणजे गावाने येऊन बसायची जागा झाली. डिझाइनवाली हॉटेलं अजून याच वळणावर आहेत: खर्च आणि गाजावाजा लॉबी, बार आणि गच्चीवर, खोल्या त्या मानाने लहान. फोटो बघताना हे ध्यानात ठेवा. शनिवारी रात्री त्या सुंदर बारमध्ये अर्धं शहर येणार, आणि तुमची खोली त्याच्या डोक्यावर असेल तर गादीतून ठेका ऐकू येणार.

खोलीचं क्षेत्रफळ वेबसाइटवर दिलेलं असतं, ते वाचाच. 200 चौरस फूट लिहिलं असेल तर त्यात बऱ्याचदा बाथरूमही धरलेलं असतं. बाथरूमचे 45, दाराजवळची वाट आणि कपाटाचे 30, किंग बेडचे 40 वजा करा, उरतात 85. तेवढ्यात टेबल, खुर्ची आणि दोन उघड्या बॅगा. दोघांपैकी एकाला पहाटे उठून वाचायची सवय असेल तर बसणार कुठे? अशा वेळी ‘सिटी व्ह्यू’चे जादा पैसे वाचवा आणि कोपऱ्यातली किंवा एक पायरी मोठी खोली घ्या. आपल्याच शहराचा व्ह्यू पहिल्या दहा मिनिटांत बघून होतो.

बाथरूमबद्दल स्पष्टच लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही. स्टायलिश हॉटेलांत बेड आणि शॉवर यांच्यामध्ये काच लावायची हौस असते. कुठे आतून पडदा असतो, कुठे बटण दाबलं की काच धूसर होते, कुठे काहीच नाही. रोमँटिक दिसतं खरं, पण रात्री तीनला एक जण उठला की दिव्याचा झोत थेट दुसऱ्याच्या तोंडावर. टॉयलेटला स्वतंत्र, बंद होणारं दार आहे ना, एवढं बुकिंगआधी विचारून घ्या. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी.

बिझनेस हॉटेलांकडेही बघा. ऑफिसांच्या भागातली हॉटेलं सोमवार ते गुरुवार भरलेली आणि शनिवारी ओस. तेवढ्याच पैशांत मोठी खोली, जाड पडदे, शांतता. उणीव एवढीच की आसपास संध्याकाळी चिटपाखरू नसतं. तुम्हाला बाहेर भटकायचंच नसेल तर ती उणीव कसली?

बुकिंग करताना एक चौकशी जरूर करा: काही हॉटेलं त्याच शहराचा पत्ता असलेल्या पाहुण्यांना खोली देत नाहीत, पार्ट्यांची धास्ती म्हणून. पैसे परत न मिळणारा दर घेऊन काउंटरवर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. दर वेबसाइटवर तुलना करून बघा, पण फरक किरकोळ असेल तर बुकिंग थेट हॉटेलकडे करा. बुकिंग साइटचं कमिशन साधारण 15 ते 25 टक्के असतं. तेवढं वाचवणाऱ्या पाहुण्याला नाश्ता किंवा बरी खोली द्यायला हॉटेलचा हात सैल सुटतो.

मग दोन दिवस आधी, भर दुपारी, हॉटेलच्या फ्रंट डेस्कला फोन करा. कॉल सेंटरला नको, त्यांच्या हातात फक्त शेरा लिहिणं असतं. एकाच प्रकारच्या, एकाच भाड्याच्या चाळीस खोल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि कुणाला कुठली द्यायची ते साधारण आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी ठरतं. समोर उद्या येणाऱ्यांची यादी असते. ज्याने काही मागितलेलं नाही त्याला सर्व्हिस लिफ्टशेजारची खोली जाते, कारण ती कुणाला तरी द्यावीच लागते. तुम्ही मागा: वरचा मजला, लिफ्टपासून लांब, शेजारच्या खोलीत उघडणारं दार नसलेली (त्या दारातून शेजाऱ्यांचा टीव्ही संवादासकट ऐकू येतो), आणि अखंड गादीचा बेड. दोन सिंगल जोडून केलेला ‘डबल’ दिसतो छान, पण मधली फट रात्री बरोबर सापडते. त्या रात्री बँक्वेटमध्ये लग्न किंवा पार्टी आहे का, तेही विचारा. लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल तर सांगा. नसेल तर खोटं सांगू नका, आमच्याकडे ते रोज दहा जण सांगायचे.

सरप्राइझबद्दल माझं मत: जागा गुपित ठेवा, तारीख नको. तिला बॅग स्वतः भरू द्या. तुम्ही भरलेल्या बॅगेत चार्जर असेल, पण तिचा चष्मा नसेल. आणि ‘घर जवळच आहे, पटकन घेऊन येतो’ म्हणून तुम्ही निघालात की येताना घरची दोन कामं करून येणार. गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलचे हंस असलेलं पॅकेज घेऊ नका. त्या पाकळ्या शेवटी तुम्हालाच रात्री वेचाव्या लागतात. तेच पैसे उशिराच्या चेक-आउटला लावा.

दोघांच्या अपेक्षा वेगळ्या असणारच. एकाला झोपायचं असतं, दुसऱ्याला पूल, जिम, बार सगळं वसूल करायचं असतं. भांडणं झालेली पाहिली ती याच मुद्द्यावर, आणि बहुतेक नाश्त्याच्या टेबलाशी. प्रत्येकाने आपली एकेक गोष्ट ठरवावी, बाकी मोकळं ठेवावं. नाश्ता आठच्या आत किंवा शेवटच्या अर्ध्या तासात, नऊ ते दहा सगळ्यांचीच झुंबड असते. आणि त्याच शहरात आहात हे मित्रमंडळींना कळू देऊ नका, नाहीतर संध्याकाळी चार जण ‘सहज’ येऊन बसतील.

उशिराचं चेक-आउट बुकिंगच्या वेळी मागितलं तर ठरलेलं उत्तर मिळतं. आदल्या संध्याकाळी मागा, तोवर दुसऱ्या दिवशी किती लोक येणार ते डेस्कला माहीत असतं. रविवारी निघणार असाल तर होकाराची शक्यता जास्त, सोमवारी कमी. नाहीच मिळालं तर बॅगा खाली ठेवून पूल वापरता येईल का ते विचारा, बरीच हॉटेलं देतात.

राहता राहिला पैशांचा भाग. चेक-इनला खोलीभाड्याखेरीज ठेव म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात, आणि डेबिट कार्ड असेल तर तुमच्या खात्यातलेच पैसे तोवर वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या. मिनीबारमधली बाटली नुसती हातात घेऊन बघू नका, काही ठिकाणी ती उचलून काही सेकंद झाले की सेन्सरने बिलात चढते. बिल आदल्या रात्रीच मागवून वाचून ठेवा, सकाळी काउंटरवर तुमच्यामागे दहा जण उभे असताना ते वाचून होत नाही.