जुन्या कोडवर वर्ष वाया जातंय का?

प्रश्न : मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये अंबडच्या कारखान्यांत चालणारं जुनं स्टॉक-बिलिंगचं सॉफ्टवेअर वाट्याला आलंय. लिहिणारे कधीच सोडून गेलेत. मैत्रिणी एआय शिकताहेत आणि मी दुसऱ्यांचा कोड वाचत बसलेय. वर्ष फुकट जातंय का?

उत्तर : नाही. पण एकेक फाईल वरपासून खालपर्यंत वाचत राहिलीस, तर मात्र जाईल.

नोकरी सातपूरला लागो की हिंजवडीला, बहुतेकांना चालू सॉफ्टवेअरवरच काम करावं लागतं. संगणकशास्त्रज्ञ मेयर लेहमन यांनी १९७० च्या दशकातच मांडलं होतं : वापरातला प्रोग्रॅम सतत बदलावा लागतो आणि मुद्दाम आवरला नाही, तर त्याचा गुंता वाढतच जातो. तुला तो गुंता कसा वाढत गेला ते बघायचंय.

प्रोजेक्ट गिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर, असेल, तर कोणी, कधी, कुठल्या फायलीत काय बदललं, सगळं नोंदलेलं आहे. गोर्स हे मोफत सॉफ्टवेअर त्या नोंदींचा चालता चित्रपट दाखवतं. एकदा जरूर बघ; कामाचा जोर कधी, कुठे होता ते कळेल. त्यापुढे मात्र साधा आलेखच कामाला येतो. गेल्या दोन वर्षांत कुठली फाईल किती वेळा बदलली, ते गिट लॉगमधून, म्हणजे त्या नोंदींच्या यादीतून, मोज आणि पायथॉनमध्ये त्याचा आलेख मांड. जी मोठीही आहे आणि सारखी बदलतेही, ती आधी वाच.

मग एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलांत, जोडीने बदलणाऱ्या फायली शोध. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. जीएसटीचा हिशेब बदलला की दरवेळी स्टॉकच्या फायलीलाही हात लागत असेल, तर त्या दोघींत काहीतरी नातं आहे, कोडमध्ये ते कुठे दिसत नसलं तरी. नवा माणूस एक बदलतो, दुसरी विसरतो, आणि बग तिथेच येतो.

नुसत्या फॉरमॅटिंगचे, म्हणजे कोडची फक्त मांडणी बदलणारे, कमिट मोजणीतून वगळ, नाहीतर चित्र फसवं येईल. आणि या आलेखावरून माणसांची किंमत करू नकोस. ज्याच्या नावावर सर्वाधिक बदल, तो कदाचित सगळ्यात अवघड भाग सांभाळत असेल.

एआय सोबत शीक, हरकत नाही. कंपनीच्या कोडचे आलेख मात्र परवानगीशिवाय बाहेर नेऊ नकोस. मुलाखतीत दाखवायला एखादा ओपन सोर्स प्रोजेक्ट निवड, त्यावर हेच काम कर आणि फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून चालेल का, ते गाइडना आत्ताच विचार.