टाकणखार, कॅरमची पावडर आणि कपाशीचे बोरॉन

प्रश्न : आमच्या काळ्या जमिनीतील कपाशीची पाती (फुलांच्या कळ्या) व लहान बोंडे यंदा फार गळत आहेत. कृषी केंद्रातून 'बोरॉन २० टक्के' असे छापलेली पुडी आणली आहे. टाकणखार आणि कॅरमची पावडर यांतही बोरॉनच असते, असे मुलगा सांगतो. मग ही पुडी वेगळी का, आणि जास्त फवारल्यास गळ लवकर थांबेल का?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मुलाचे म्हणणे बरोबर आहे. टाकणखारात सुमारे ११ टक्के बोरॉन असते, तर कॅरमची पावडर बहुधा ज्याची असते त्या बोरिक आम्लात सुमारे १७ टक्के. तरीही पिकावर पुडीच वापरावी, कारण ती गार पाण्यात चटकन विरघळते आणि तिच्यातील प्रमाण निश्चित असते; खेळासाठी विकल्या जाणाऱ्या पावडरीत आणखी काय मिसळले आहे, हे आपल्याला कळत नाही.

बोरॉनला ऑक्सिजनची मोठी ओढ असल्यामुळे ते निसर्गात सुटे सापडत नाही. १८०८ मध्ये पॅरिसला गे-ल्यूसाक व थेनार यांनी आणि लंडनला हम्फ्री डेव्ही यांनी ते प्रथम वेगळे केले. हीच ओढ झाडाच्या कामी येते. पेशीभित्तिकेतील पेक्टिन या चिकट पदार्थाच्या दोन साखळ्या बोरॉन ऑक्सिजनच्या आधाराने एकमेकींना बांधून ठेवते, आणि परागकण रुजून त्याची नलिका बीजांडापर्यंत पोहोचण्यासाठीही ते लागते. कपाशीत एकदा पानात बसलेले बोरॉन नव्या शेंड्याकडे फारसे सरकत नाही, म्हणून कमतरता शेंडा, पाती आणि कोवळ्या बोंडांवर आधी दिसते. पानांच्या देठांवर गडद वलयेही उमटतात. मुळांकडे ते पाण्याबरोबरच येत असल्याने पावसाचा खंड पडला किंवा जमीन चुनखडीची असली, की ही उणीव वाढते.

मात्र प्रत्येक गळ बोरॉनअभावी होत नाही. ढगाळ हवा, शेतात साचलेले पाणी आणि बोंडअळी यांनीही पाती गळतात, तेव्हा आधी गळालेली पाती फोडून पाहावीत.

जास्त फवारण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. बोरॉनची गरज आणि त्याची विषबाधा यांत फार थोडे अंतर असते, आणि मात्रा वाढली की पानांच्या कडा करपतात. लिटरला १ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५ ग्रॅम पुडी, पाती व फुले लागण्याच्या काळात पुरते. एकराला १० पंप लागले, तरी प्रत्यक्ष बोरॉन ३० ग्रॅमच पडते. पुढच्या हंगामाआधी माती परीक्षणात बोरॉनची तपासणी आवर्जून मागून घ्यावी. उपलब्ध बोरॉन किलोला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघाले, तर जमिनीतून देण्याचा विचार करता येईल.